‘पोलर स्टार’ला निवृत्ती का मिळत नाही?

अंटार्क्टिकातलं सगळ्यात मोठं संशोधन केंद्र म्हणजे अमेरिकेचं मॅकमर्डो. रॉस बेटाच्या टोकाशी वसलेलं हे जवळजवळ एक गावच आहे. उन्हाळ्यात तिथे हजारभर माणसं राहतात, हिवाळ्यात दोनशेच्या आसपास. थेट दक्षिण ध्रुवावर असलेल्या केंद्राचं सामानही इथूनच पुढे जातं. या सगळ्यांना वर्षभर पुरेल एवढं इंधन, धान्य, बांधकामाचं सामान आणि यंत्रांचे सुटे भाग विमानानं नेणं परवडण्यासारखं नाही. ते समुद्रानं येतं, आणि तेही वर्षातून एकदाच, जानेवारी-फेब्रुवारीत. पण ही तेलवाहू आणि मालवाहू जहाजं जिथवर येऊ शकतात तिथून मॅकमर्डोच्या धक्क्यापर्यंत कित्येक मैल समुद्र गोठलेला असतो. त्यातून वाट काढून देऊ शकेल असं जहाज अमेरिकेच्या सरकारकडे एकच आहे: तटरक्षक दलाचं ‘पोलर स्टार’.

हे जहाज जानेवारी १९७६ मध्ये सेवेत आलं. बांधताना त्याचं आयुष्य साधारण ३० वर्षांचं धरलं होतं. जानेवारी २०२६ मध्ये त्याला पन्नास वर्षं झाली आणि ते अजून बर्फ फोडतंय. जगातल्या सगळ्यात श्रीमंत देशावर ही वेळ का आली, हे समजून घ्यायचं तर आधी बर्फ फोडणं म्हणजे नेमकं काय ते पाहावं लागेल. कारण या जहाजाची ताकद आणि त्याची दुखणी, दोन्ही तिथूनच येतात.

बर्फ कापत नाहीत, मोडतात

आइसब्रेकर म्हटलं की बर्फ चिरत जाणारं टोकदार पातं डोळ्यांसमोर येतं. प्रत्यक्षात असं काही होत नाही. बर्फ दाब चांगला सोसतो, पण वाकणं त्याला सोसत नाही. पापड दोन तळहातांमध्ये सपाट दाबला तर टिकतो आणि कडेवर बोट दाबलं की मोडतो, तसंच हे. म्हणून आइसब्रेकरची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उभी नसते. पाण्यापाशी ती चांगलीच तिरकी होऊन पोटाकडे वळते. जहाज पुढे सरकतं तशी ही तिरकी नाळ बर्फावर चढते आणि वरचं सगळं वजन बर्फाच्या कडेवर पडतं. बर्फ वाकतो, तडकतो, त्याचे तुकडे जहाजाच्या पोटाखालून आणि बाजूंनी मागे सरकतात. इंजिनाचं काम जहाजाला रेटत राहण्याचं. मोडण्याचं काम वजन करतं.

‘पोलर स्टार’ १२२ मीटर लांब आणि सुमारे साडेपंचवीस मीटर रुंद आहे. पूर्ण भरलेलं असताना त्याचं वजन १३ हजार टनांच्या वर जातं. नाळेपाशी पोलादी पत्रा पावणेदोन इंच जाड आहे आणि आतून त्याला जवळजवळ बसवलेल्या फासळ्यांचा आधार आहे. असं हे जहाज १.८ मीटर जाडीचा, म्हणजे माणसाच्या उंचीपेक्षा जास्त जाड बर्फ तीन नॉट वेगानं न थांबता मोडत जाऊ शकतं. तीन नॉट म्हणजे ताशी साडेपाच किलोमीटर. झपाझप चालणारा माणूस त्याच्या बरोबरीनं जाईल.

त्याहून जाड बर्फ आला की खरी परीक्षा सुरू होते. जहाज थांबतं, मागे येतं, जोर घेतं आणि पुन्हा बर्फावर जाऊन आदळतं. परत मागे, परत पुढे. या पद्धतीनं ते ६.४ मीटर जाडीपर्यंतचा बर्फ फोडू शकतं. एका मोहिमेत असे धक्के शेकड्यांनी बसतात. आतली माणसं त्याच थरथराटात जेवतात, झोपतात आणि इंजिनं दुरुस्त करतात.

बर्फाबर्फातही फरक असतो. एकाच हिवाळ्यात गोठलेल्या बर्फात खारट पाण्याचे सूक्ष्म कप्पे अडकलेले असतात, त्यामुळे तो थोडा ठिसूळ असतो. तोच उन्हाळा ओलांडून टिकला की मीठ हळूहळू खाली झिरपून जातं आणि उरतो तो जुना, घट्ट, कठीण बर्फ. वर ताजं हिम साचलं असेल तर आणखी पंचाईत, कारण ते जहाजाच्या अंगाला घासून त्याला धरून ठेवतं. अशा वेळी पोटातल्या टाक्यांमधलं पाणी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पंपानं फिरवतात. जहाज डावीकडे-उजवीकडे झुकतं आणि बर्फाची पकड सैल होते.

दोन प्रकारची इंजिनं, तीन पंखे

जहाजाला पुढे ढकलतात ते पाण्याखालचे तीन पंखे. ते एवढ्या रेट्यानं फिरवण्यासाठी ‘पोलर स्टार’मध्ये दोन वेगळ्या यंत्रणा आहेत. रोजच्या कामासाठी, मोकळ्या समुद्रात किंवा पातळ बर्फात, सहा डिझेल इंजिनं वीज तयार करतात आणि त्या विजेवर मोटरी चालतात. ही ताकद एकूण १८ हजार अश्वशक्तीची. बर्फ भारी झाला की तीन गॅस टर्बाइन सुरू होतात. ही विमानाच्या जेट इंजिनाच्या जातकुळीतली यंत्रं. त्यांची ताकद ७५ हजार अश्वशक्तीपर्यंत जाते. अणुऊर्जेवर न चालणाऱ्या आइसब्रेकरांमध्ये इतकी ताकद असलेली जहाजं फार थोडी झाली. अर्थात टर्बाइन इंधनही त्याच हिशेबानं पितात, म्हणून ती नेमक्या गरजेलाच लावायची.

आता अडचण अशी, की टर्बाइन एकाच दिशेनं फिरतं. ते उलटं फिरवता येत नाही, आणि आइसब्रेकरला तर घडीघडी मागे-पुढे व्हायचं असतं. यावर उपाय म्हणून पंख्यांच्या पात्यांचा कोन बदलता येईल अशी रचना केली. पंखा फिरतो त्याच दिशेला, पण पाती वळली की जहाज मागे जाऊ लागतं. ही कल्पना हुशारीची होती, पण पाती वळवणारी सगळी नाजूक यंत्रणा पंख्याच्या मध्यभागी बसवावी लागते, आणि नाळेनं मोडलेल्या बर्फाचे मोठमोठे तुकडे शेवटी तिथेच येऊन आपटतात. १९७६ सालच्या आर्क्टिकमधल्या चाचण्यांतच ही यंत्रणा मोडली. पुढची काही वर्षं जहाजानं बराच वेळ दुरुस्तीसाठी सिएटलच्या धक्क्याला काढला. त्याचा क्रमांक १०, म्हणून खलाशी त्याला ‘बिल्डिंग १०’ म्हणू लागले. दुसरं टोपणनाव ‘पोलर रोलर’. गोलसर पोटाचं जहाज बर्फाच्या दाबात चिरडत नाही, पण मोकळ्या समुद्रात बेफाम डोलतं. आणि सिएटल ते मॅकमर्डो हा प्रवास ११ हजार मैलांचा, त्यात दक्षिण गोलार्धातला जगातला सगळ्यात खवळलेला समुद्र. पोटात अन्न टिकेना तरी पहारा चुकवता येत नाही. या जहाजाबद्दल लिहिताना अश्वशक्तीचे आकडे पटकन सांगून होतात, पण या माणसांचे कष्ट मला त्याहून मोठे वाटतात.

दोन भावंडांपैकी एक

‘पोलर स्टार’ एकटं नव्हतं. १९७८ मध्ये त्याचं जुळं भावंड ‘पोलर सी’ सेवेत आलं. दोन्ही सिएटलच्या लॉकहीड गोदीत बांधलेली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातले अमेरिकेचे आइसब्रेकर तेव्हा थकले होते आणि त्यांची जागा घ्यायला ही दोन पुढे आली. अशी आणखी जहाजं बांधायचा विचार होता, पण दोनावरच काम थांबलं. आजच्या अडचणीची सुरुवात मला तरी तिथेच दिसते.

दोन असताना गाडा नीट चालला. एकानं दक्षिणेला जायचं तेव्हा दुसऱ्यानं गोदीत डागडुजी करून घ्यायची. बर्फ फारच झाला तर दोघांनी मिळून जायचं. कधी आर्क्टिक, कधी अंटार्क्टिक. १९८३ मध्ये ‘पोलर स्टार’नं अंटार्क्टिकाला पूर्ण प्रदक्षिणा घातली. १९९४ मध्ये ‘पोलर सी’ कॅनडाच्या ‘लुई एस. सेंट लॉरेंट’बरोबर थेट उत्तर ध्रुवापर्यंत पोहोचलं. २००० च्या सुमारास ‘हीली’ नावाचा तिसरा आइसब्रेकर आला, पण तो मध्यम ताकदीचा, मुख्यतः आर्क्टिक संशोधनासाठीचा.

मग निसर्गानंच घाव घातला. मार्च २००० मध्ये रॉस हिमफळीतून, म्हणजे किनाऱ्याला जोडलेल्या, समुद्रावर तरंगणाऱ्या बर्फाच्या जाड थरातून, सुमारे ११ हजार चौरस किलोमीटरचा हिमनग तुटला. त्याचं नाव बी-१५. नोंद झालेल्या हिमनगांतला हा सगळ्यात मोठ्यांपैकी एक. त्याचे तुकडे रॉस बेटाजवळ येऊन ठाण मांडून बसले. एरवी वारा आणि प्रवाह मॅकमर्डो खाडीतला जुना बर्फ बाहेर वाहून नेतात. त्यांची वाटच अडली. आतला बर्फ वर्षानुवर्षं तिथेच साचून कठीण होत गेला आणि दरवर्षी फोडायची वाट नेहमीपेक्षा कितीतरी लांब झाली. ज्या जहाजांची मुदत संपत आली होती त्यांच्याच वाट्याला सगळ्यात अवघड हंगाम आले. २००५ मध्ये मदतीला ‘क्रासिन’ हा रशियन आइसब्रेकर भाड्यानं घ्यावा लागला.

त्याच सुमाराला पैशाची व्यवस्था बदलली. ध्रुवीय आइसब्रेकर चालवण्याचा निधी तटरक्षक दलाकडून काढून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे दिला गेला. प्रतिष्ठानाचं काम विज्ञानाला पैसा पुरवणं. म्हाताऱ्या जहाजांच्या दुरुस्तीत तो घालण्यापेक्षा परदेशी जहाज भाड्यानं घेणं त्यांना स्वस्त पडलं, आणि त्यांच्या जागी बसून पाहिलं तर ते चुकीचंही नव्हतं. २००६ मध्ये ‘पोलर स्टार’ची इंजिनं बंद झाली. थोडी माणसं देखभालीला ठेवून जहाज सिएटलला बांधून ठेवलं. मॅकमर्डोची वाट काढायला काही वर्षं स्वीडनचं ‘ओडेन’ येऊ लागलं.

भाड्याचं जहाज मालकाला गरज लागेपर्यंतच आपलं असतं. बाल्टिक समुद्रातला हिवाळा कडक झाल्यावर स्वीडननं २०११ मध्ये ‘ओडेन’ देणं बंद केलं. त्याआधी २०१० मध्ये ‘पोलर सी’च्या डिझेल इंजिनांत अवाजवी झीज सापडून तेही बसलं, ते कायमचंच. एकही जड आइसब्रेकर चालू स्थितीत नाही अशी अमेरिकेची गत झाली. पुढचे दोन हंगाम रशियाच्या ‘व्लादिमीर इग्नात्युक’नं निभावून नेले.

दुसऱ्याच्या जहाजावर अवलंबून राहणं आपल्याला चांगलं माहीत आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली गोव्याहून निघाली, ती ‘पोलरसर्कल’ या नॉर्वेच्या जहाजातून. आज मैत्री आणि भारती ही आपली केंद्रं तिथे चालतात, त्यांचा कारभार वास्को-द-गामातल्या राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्रातून होतो, आणि सामान मात्र अजूनही भाड्याच्या बर्फयोग्य जहाजांतूनच जातं. स्वतःचं ध्रुवीय संशोधन जहाज असावं ही आपल्याकडे जुनी मागणी आहे. जून २०२५ मध्ये कोलकात्याच्या गार्डन रीच गोदीनं त्यासाठी नॉर्वेच्या कोंग्सबर्गशी सामंजस्य करार केला. ते संशोधन जहाज असेल, ‘पोलर स्टार’सारखं जड आइसब्रेकर नव्हे. तरी ते बांधणाऱ्यांनी ‘पोलर स्टार’ची २००६ नंतरची वर्षं बारकाईनं वाचावीत असं मला मनापासून वाटतं. जहाज बांधण्याचा खर्च एकदाच होतो, ते चालतं ठेवण्याचा दरवर्षी, आणि मांडताना नेमका दुसराच विसरला जातो.

पुन्हा पाण्यात

‘पोलर सी’ उभं करण्यापेक्षा ‘पोलर स्टार’ला जागं करणं सोपं ठरलं. सिएटलमध्ये मोठी दुरुस्ती होऊन डिसेंबर २०१२ मध्ये ते पुन्हा सेवेत आलं आणि २०१३ च्या अखेरीस मॅकमर्डोला निघालं. वाटेत असतानाच हाक आली. ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे रशियन जहाज बर्फात अडकलं होतं, आणि मदतीला गेलेलं चीनचं ‘श्वे लाँग’ही तिथेच फसलं होतं. ‘पोलर स्टार’ सिडनीहून त्यांच्याकडे वळलं, पण पोहोचायच्या आत वारा फिरला, बर्फ सैल झाला आणि दोन्ही जहाजं आपली आपण सुटली. २०१५ मध्ये मात्र मदत खरोखर लागली. ‘अंटार्क्टिक चीफटन’ या मासेमारी जहाजाचा पंखा बर्फात मोडला होता. ‘पोलर स्टार’नं शेकडो मैल जाऊन त्याला गाठलं आणि बर्फातून ओढत मोकळ्या पाण्यात आणलं.

पण वय लपत नव्हतं. या जहाजाचे कित्येक भाग आता कुठेच तयार होत नाहीत. तसं दुसरं जहाज एकच, ते म्हणजे ‘पोलर सी’. मग भावंडाच्याच अंगातून भाग काढून याला बसवायचे. तिथेही मिळाला नाही तर खलाशांनी ऑनलाइन जुन्या मालाच्या बाजारात शोधायचा.

जानेवारी २०१८ मध्ये मॅकमर्डोच्या वाटेवर एक टर्बाइन बंद पडलं. काही दिवसांत पंख्याच्या दांड्याभोवतीचं सील निकामी होऊन पाणी आत येऊ लागलं. पंखा जहाजाच्या बाहेर, त्याला फिरवणारी यंत्रणा आत. दांडा जिथून बाहेर जातो तिथे पाणी अडवणारी ही एकच गोष्ट. तंत्रज्ञांनी गोठायला टेकलेल्या पाण्यात उतरून ती दुरुस्ती केली.

पुढच्या वर्षी तेच दुखणं पुन्हा उभं राहिलं, या वेळी ऐन बर्फात. काम थांबवून पाणबुडे खाली उतरले, त्यांनी बाहेरून ठिगळ लावलं आणि आतून सील दुरुस्त झालं. खाडीत असतानाच जहाजभर वीज जाऊ लागली. तेव्हा सगळी वीजयंत्रणा बंद करून पुन्हा सुरू करायला ९ तास लागले. इतकं होऊनही त्यांनी साडेसोळा मैलांची वाट काढली आणि मालवाहू जहाज धक्क्याला लावलं. परतीच्या वाटेवर १० फेब्रुवारी २०१९ रोजी कचरा जाळण्याच्या भट्टीच्या खोलीत आग लागली. मॅकमर्डोपासून ६५० मैल, मदतीला जवळ कुणी नाही. दोन तासांच्या झुंजीनंतर ती विझली. कुणाला इजा झाली नाही.

इथे एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. ‘पोलर स्टार’ तिथे अडकलं असतं तर त्याला सोडवायला अमेरिकेकडे दुसरं जहाजच नव्हतं. इतरांची सुटका करणारं हे जहाज, आणि याच्यामागे कुणी नाही. हे जाणून दरवर्षी दक्षिणेला जाणाऱ्या दीडशेच्या आसपास माणसांबद्दल मला फार आदर वाटतो.

करोनाच्या वर्षी मॅकमर्डोची फेरी रद्द झाली, तेव्हा ‘पोलर स्टार’ला भर हिवाळ्यात आर्क्टिकला पाठवलं. २५ डिसेंबर २०२० ला ते ७२ अंश ११ मिनिटं उत्तर अक्षांशावर पोहोचलं. हिवाळ्यात इतक्या उत्तरेला अमेरिकेचा कोणताच आइसब्रेकर त्याआधी गेला नव्हता. सव्वा वर्षानं, १७ फेब्रुवारी २०२२ ला, तेच जहाज रॉस समुद्राच्या कडेला व्हेल्सच्या उपसागरात ७८ अंश ४४ मिनिटं दक्षिणेला होतं. जहाजानं जाता येईल अशा पाण्यात तोवर कुणीही इतकं दक्षिणेला गेलेलं नव्हतं. तिथली हिमफळी तुटून मागे सरकल्यामुळे हे पाणी नव्यानं उघडं पडलं होतं, त्यामुळे विक्रमाबरोबर तळाची मोजणीही करता आली. पंचेचाळिशी ओलांडलेल्या जहाजाची ही कामगिरी.

२०२१ ते २०२५ या पाच वर्षांत कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो इथल्या गोदीत त्याचं आयुष्य वाढवण्याचं काम टप्प्याटप्प्यानं झालं. मोहीम चुकवता येत नाही, म्हणून दरवर्षी मार्च-एप्रिलमध्ये परतायचं, थेट गोदीत जायचं, काही महिन्यांत एक टप्पा उरकायचा आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दक्षिणेला. जहाजाचं घर सिएटल, पण खलाशांचा उन्हाळाही घरापासून दूर, गोदीतच गेला.

नव्या जड आइसब्रेकरचं कंत्राट एप्रिल २०१९ मध्ये दिलं गेलं. पहिलं जहाज २०२४ मध्ये मिळायचं होतं. अमेरिकेत अशा जातीचं जहाज बांधून चार दशकं उलटली होती, त्यामुळे जाड पोलाद वाकवणारे आणि सांधणारे कुशल हात नव्यानं घडवावे लागले, आराखडा लांबला, मधेच गोदीचा मालक बदलला. आता २०३० चा सुमार सांगितला जातो. दरम्यान ऑगस्ट २०२५ मध्ये ‘स्टोरिस’ नावाचं एक जहाज सेवेत आलं. ते २०१२ मध्ये तेलक्षेत्राच्या कामासाठी बांधलेलं, मध्यम ताकदीचं आणि आर्क्टिकसाठी विकत घेतलेलं. मॅकमर्डोची जबाबदारी त्याच्याकडे गेलेली नाही.

तटरक्षक दलाचा बेत असा आहे की नव्या जातीचं दुसरं जहाज हाती येईपर्यंत ‘पोलर स्टार’ला चालतं ठेवायचं. पहिलंच २०३० मध्ये आलं, तर तेव्हा ‘पोलर स्टार’ चोपन्न वर्षांचं असेल आणि दुसऱ्याची वाट पाहणं बाकीच असेल.